फिरायला निघालात? काही खाल्लंत का?

पहाटे साडेपाचला आमच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर बायकांचा गट जमतो. कुणी साडीवर बूट चढवलेले, कुणी ओढणी कमरेला गुंडाळलेली. आधी फेऱ्या, मग जमतील तेवढे सूर्यनमस्कार. एकदा सहज विचारलं, "येताना काय खाऊन आलात?" बहुतेकींचं उत्तर एकच, "नुसता चहा!" दोघीतिघींनी तर तोही घेतलेला नव्हता. वर मलाच प्रश्न, "खाऊन फिरलं तर वजन कसं उतरणार हो?"

मैत्रिणींनो, हा समज मोठा चिवट आहे. रिकाम्या पोटी व्यायाम केला की तेवढ्या वेळापुरती चरबी थोडी जास्त वापरली जाते, हे खरं. पण वजनाचा हिशेब दिवसभराचा असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० तरुणींनी चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर व्यायाम केला. निम्म्या उपाशीपोटी, निम्म्या खाऊन. वजन दोन्हीकडे उतरलं, पण दोघींत म्हणावा असा फरक पडला नाही. अभ्यास लहानच, पण उपाशी राहून फार काही हाती लागत नाही एवढं त्यातून दिसतं.

उपाशी राहण्याचा धोका मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिला. संकष्टीचा दिवस होता. गटातल्या एक मावशी तिसऱ्या फेरीला घामाघूम झाल्या, हात थरथरायला लागले आणि मटकन खाली बसल्या. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि उपास म्हणून पोटात काहीच नाही! कुणीतरी धावत जाऊन टपरीवरून साखर आणली. पाण्यात कालवून पाजली, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांनी सावरल्या. इन्शुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या साखर उतरवतात, व्यायामही उतरवतो. त्यात पोट रिकामं असलं तर साखर एकदम खाली येते. गोळी, खाणं आणि फिरणं यांच्या वेळा कशा बसवायच्या, हे अशा बायकांनी डॉक्टरांनाच विचारावं. फिरताना साखरेची पुडी जवळ असूद्या. आणि कुणी बेशुद्ध पडली, तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता खायचं काय? रात्री नीट जेवलेल्या, तब्येतीने ठणठणीत बाईला अर्धा तास साधं फिरायला पेलाभर पाणीही पुरतं. पण भरभर, तासभर चालायचं असेल, तर अर्धा-पाऊण तास आधी एक केळं, नाहीतर दोन-तीन खजूर, नाहीतर गूळ लावून अर्धी पोळी. ते वरचं समजू नका, नाश्त्यातून तेवढं कमी करा. तळलेलं, तुपाचं पचायला वेळ लागतो, पोट जड होतं. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास तरी आसनं नकोत. उपास असला तरी केळं, खजूर, दूध चालतंच की!

पण मला खरी काळजी वाटते ती "रात्री नीट जेवलेल्या" या शब्दांची. आपण किती जणी नीट जेवतो? सगळ्यांना वाढून, ओटा आवरून, साडेनऊ-दहाला उरलंसुरलं पानात घ्यायचं. भाजी संपली असली तर चटणी-भाकरी. आणि पहाटे त्याच पोटावर चहा ओतून मैदान गाठायचं! २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. दोन फेऱ्यांतच धाप लागली की आपण म्हणतो, "सवय नाही ना, म्हणून." कधीकधी कारण रक्तात असतं.

म्हणून व्यायाम सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असलं तर रक्त कमी आहे असं धरतात. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती चहासोबत घेऊ नका, चहामुळे लोह अंगी कमी लागतं. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. आणि रात्री भाजी पातेल्यातून वाढायला घेतली की आपल्या वाटणीची वाटी आधीच बाजूला काढून ठेवा. घरात कुणी काही म्हणत नाही, मी करून पाहिलंय.