टेकडी लाल व्हायची तारीख

टोकियोच्या ईशान्येला, पॅसिफिकच्या काठावर हिताचिनाका नावाचं शहर आहे. तिथल्या हिताची सीसाइड पार्कमधली एक टेकडी दर ऑक्टोबरात पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाल होते. एखादं झाड लालावलेलं आपण पाहिलेलं असतं. इथे ३० हजारांहून अधिक झुडपं एकदमच किरमिजी होतात, आणि माथ्यावर पोचलं की पलीकडे समुद्र दिसतो. तुमच्या लग्नाचा वाढदिवस ऑक्टोबरात येत असेल, आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटमधून निघून दोघांनीच कुठे लांब जायचं मनात असेल, तर मी हीच टेकडी सुचवीन. तारीख मात्र त्या झुडपाला विचारून ठरवायची.

झुडपाचं नाव कोकिया. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच, दाट आणि इतकं गोल की कुणी कात्रीने छाटलं असावं असं वाटतं. पण हा आकार त्याचा स्वतःचाच. उतारावर ती सारी झुडपं दाटीवाटीने बसलेल्या मेंढरांसारखी दिसतात. ही वर्षायू वनस्पती आहे, म्हणजे रोपं दरवर्षी नव्याने लावावी लागतात. वसंतात याच उतारावर नेमोफिलाची लाखो निळी फुलं असतात. ती सरली की माणसं उन्हाळ्यात कोकियाची रोपं लावतात. एकच टेकडी वर्षातून दोनदा नव्याने पेरली-लावली जाते, हे कळल्यापासून तिच्या फोटोंकडेही मी वेगळ्या नजरेने पाहतो.

आता तो लाल रंग. शरदातल्या मेपलची पानं लाल होतात ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. जांभळाचा जांभळा रंगही त्याच घराण्यातला. कोकियाचा लाल मात्र त्या घराण्यातला नाहीच. तो बीटालेन नावाच्या वेगळ्याच गटातला आहे, आणि हा गट आपल्या स्वयंपाकघराच्या चांगल्या ओळखीचा आहे. बीट चिरताना बोटं रंगतात ती त्यानेच. लाल माठाची भाजी शिजताना पाणी गुलाबी होतं ते त्यानेच. कुंपणावरची बोगनवेल आणि परसातली गुलबक्षीही याच रंगाच्या. कोकिया तर माठ, राजगिरा, पालक, चाकवत यांच्याच कुळातला. हजारो मैलांवरच्या त्या टेकडीवर आपण आपल्या भाजीवाल्याच्या टोपलीतले नातेवाईक पाहायला जाणार आहोत!

याहून मोठं नवल पुढे आहे. बहुतेक सगळी फुलझाडं लाल-जांभळ्यासाठी अँथोसायनिन बनवतात. बीटालेन बनवणारी कुळं मोजकी. आणि दोन्ही द्रव्यं निसर्गतः एकत्र बनवणारी एकही वनस्पती आजवर सापडलेली नाही. एक वाट धरली की दुसरी बंद. असं का व्हावं, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात.

तेवढी लाली पाहून ती फुलांची असेल असं वाटतं. पण कोकियाची फुलं बारीक, हिरवट, सहज नजरेतून सुटतील अशी. त्यांचे पराग वाऱ्यावर जातात, त्यामुळे मधमाशीला बोलावण्यासाठी नटायची त्यांना गरजच नाही. लाल होतात ती पानं आणि देठ.

आणि वेळ कशी कळते? कोकिया रात्र मोजतो. पानांतलं प्रकाश ओळखणारं द्रव्य रात्रीची लांबी जोखतं. सप्टेंबरच्या अखेरीस त्या अक्षांशावर रात्र रोज सुमारे दोन मिनिटांनी वाढत असते. रात्री लांबल्या की झाड फुलण्याच्या आणि बी धरण्याच्या कामाला लागतं. मग हवा गार होत जाते, पानांतलं हिरवं ओसरतं आणि लाल वर येतं. रात्रीची लांबी दरवर्षी तीच, म्हणून मोसम फारसा चुकत नाही. हवामान मात्र दरवर्षी वेगळं, म्हणून चार-सहा दिवस मागेपुढे होतात.

तेव्हा हिशेब असा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिरवा-लाल मिश्र उतार, साधारण मध्याला भर, महिनाअखेरीकडे सोनेरी-तपकिरी. वाढदिवस २८ तारखेचा असेल तर तो मध्यालाच साजरा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तपकिरी कोकिया पाहूनही कुणी हिरमुसू नये. मुक्काम दोन रात्रींचा ठेवा, कारण ऑक्टोबरातही वादळं येऊ शकतात आणि पावसात गेलेला एक दिवस भरून काढता आला पाहिजे. टोकियोहून जोबान मार्गाच्या जलद गाडीने कात्सुता स्टेशन, तिथून बस. शनिवार-रविवार टाळा आणि दार उघडताच आत शिरा. पार्क प्रचंड मोठं आहे, सायकली भाड्याने मिळतात. टेकडीच्या पायथ्याशी त्याच सुमारास कॉसमॉसही फुललेला असतो.

चालताना पायाखालच्या जमिनीचीही आठवण ठेवावी. युद्धकाळात इथे जपानी लष्कराचा विमानतळ होता. युद्धानंतर अमेरिकी विमानं याच जमिनीवर बॉम्बफेकीचा सराव करत. १९७३ मध्ये ती जपानला परत मिळाली आणि १९९१ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. किती विचारपूर्वक केलेली निवड! त्या जागेवर काहीही उभारता आलं असतं.

तपकिरी कोकिया पाहून हिरमुसू नये म्हटलं, कारण तोही वाया जात नाही. वाळलेल्या कोकियाच्या काटक्यांचे जपानमध्ये पूर्वापार झाडू बांधतात. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात त्याच्या बिया उकडून, साल काढून खातात. टोनबुरी म्हणतात त्यांना. हिरव्या-काळ्या, बारीक, दाताखाली टचकन फुटणाऱ्या या दाण्यांना तिथे शेतातलं कॅविअर म्हणतात. वाढदिवसाच्या जेवणाला जिथे बसाल तिथे टोनबुरी आहे का, एवढं नक्की विचारा.