मेरी पीटर्स यांचा ट्रॅक

‘खेळाडूने फक्त खेळावं’ असं आपण सहज म्हणून जातो. १९७२ साली उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट संघर्षात गोळीबार आणि बॉम्बस्फोटांत ४५०हून अधिक माणसं गेली. त्याच सप्टेंबरात बेलफास्टच्या मेरी पीटर्स यांनी म्युनिकला पेंटॅथलॉनचं सुवर्णपदक जिंकलं, तेही अवघ्या १० गुणांनी! लगोलग जिवे मारण्याची धमकी आली. तरी बाई बेलफास्टला परतल्याच. परतून केलं काय, तर वर्गणी गोळा केली! शहरासाठी चांगला ट्रॅक हवा होता. स्वतः खड्ड्यांतून सराव केलेला ना. तो ट्रॅक झाला, दोन्हीकडच्या पोरांसाठी, आणि आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ट्रस्टही १९७५ साली निघाला. होतकरू खेळाडूंना तो पैशाची मदत करतो.