परतलेला जवान आणि ओसरीवरचे एकटेपण

गोंदिया शहराच्या परिसरातील मुर्रीसारख्या धानपट्ट्यातील गावी जवान सेवा संपवून परततो, तेव्हा तो बहुधा चाळिशीच्या आतच असतो. पहिले काही दिवस घर गजबजलेले असते. कॅन्टीनच्या बाटलीची आठवण ठेवून येणाऱ्यांचीही त्यात वाण नसते. पुढे रोवणी लागते, माणसे बांधीत उतरतात आणि हा ओसरीवर एकटा उरतो. ज्याचा दिवस पहाटेपासून दिवे मालवेपर्यंत पलटणीने आखून दिलेला होता, त्याला आता तो स्वतः आखावा लागतो. मन निरोगी असेल तर ते साधते. झोप उडालेला, संशयाने वा खिन्नतेने घेरलेला माणूस मात्र पानठेल्यापर्यंत जाणेही सोडतो. आणि 'फौजेतून डोके फिरून आला' एवढे वाक्य गावभर झाले, की लोकही त्याच्याकडे फिरकेनासे होतात. आजार एकटे पाडतो, आणि एकटेपणा आजार वाढवितो.

या दुःखाला अर्थकारणाचीही एक बाजू आहे. आजारपणामुळे सेवेबाहेर काढताना वैद्यकीय मंडळ जो शेरा लिहिते, त्यावर पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. आजार सेवेमुळे जडला वा बळावला, आणि विकलांगता किमान 20 टक्के आहे, असे ठरले तर विकलांगता निवृत्तिवेतन मिळते. गोळी लागलेल्या पायाबाबत वाद संभवत नाही. मनाच्या जखमेबाबत मात्र 'प्रकृतिगत' हा शब्द फार सहज लिहिला जातो. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने छिन्नमनस्कतेच्या एका प्रकरणात असे निवृत्तिवेतन नाकारले, कारण असा आजार भरतीच्या तपासणीत हटकून उघड होईलच असे नाही. 2025 साली त्याच न्यायालयाने अशाच दुसऱ्या जवानाला ते मंजूर केले. मंडळाने आपल्या मताची कारणेच दिली नव्हती. दोन निकालांतील अंतर तत्त्वाचे थोडे आणि कागदाच्या नोंदीचे अधिक आहे. ज्याच्या घरी तो कागद वाचणारे कोणी नाही, त्याने काय करावे?

2003 साली सुरू झालेली माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना चांगली आहे. पण ती मुख्यतः निवृत्तिवेतनधारकांसाठी. म्हणजे ज्याच्या शेऱ्याने निवृत्तिवेतन गेले, त्याचे औषधही बहुधा गेले. मग उरते नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय, गोंदियाहून सुमारे 130 किलोमीटरवर. एकट्याला पाठविता येत नाही. सोबत पत्नी वा भाऊ जातो, म्हणजे ऐन हंगामात आणखी एक मजुरी बुडते. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 14416 या क्रमांकावर 2022 पासून मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. तथापि सल्ला मिळणे आणि कोणी घरी येऊन बसणे, यांत फरक आहेच.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. हा हक्क प्रत्यक्षात आणण्यास मोठा खर्च लागेल असेही नाही. सहकारी संस्थेत हिशेबाचे काम, शाळेच्या मैदानावर मुलांची कवाईत, आठवड्यातून एकदा तालुक्यातील माजी सैनिकांची बैठक, एवढ्यानेही त्याच्या दिवसाला पुन्हा वेळापत्रक मिळते. शासनाच्या योजनांत भूखंड आणि कर्ज यांच्या तरतुदी असतात. सोबतीची तरतूद नसते.

2022 सालच्या अग्निपथ योजनेप्रमाणे प्रत्येक तुकडीतील किमान तीन-चतुर्थांश तरुण चार वर्षांनी गावी परतावयाचे आहेत. त्यांना निवृत्तिवेतन नाही, आणि माजी सैनिकांची आरोग्य योजनाही लागू नाही.