हळदीचें पान आणि यंत्राचा डोळा

कयाधू नदीकांठचें नरसी हें गांव श्रीसंत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु येथील शेतकऱ्याच्या संसाराचा भार हल्लीं पुष्कळसा हळद व सोयाबीन या दोन पिकांवर आहे. गेल्या पावसाळ्यांत आम्ही येथील एका हळदीच्या मळ्यांत उभे होतों. पानांच्या कडा पिवळ्या पडूं लागल्या होत्या. मळेवाल्यांच्या चिरंजीवांनीं मोबाईलवर पानाचें छायाचित्र घेतलें व क्षणार्धांत उत्तर आलें: अन्नद्रव्याची उणीव, अमुक खत फवारावें. वडिलांनीं कांहीं न बोलतां खुरप्यानें एक गड्डा उकरला. कंद मऊ पडला होता; दाबतांच दुर्गंधी पाणी निघालें. ती कंदकूज होती. फवारणीच्या नादांत आणखी आठ दिवस गेले असते, तर सांचलेल्या पाण्याबरोबर रोग शेजारच्या वाफ्यांतही शिरता.

यावरून हें साधन टाकाऊ आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. तें शिकतें कसें, हें कळलें म्हणजे तें चुकतें कां, हेंही कळतें. छायाचित्र संगणकापाशीं केवळ आंकड्यांच्या रूपानें जातें. अशीं हजारों चित्रें, प्रत्येकास रोगाचें नांव देऊन, त्याच्यापुढें मांडतात. त्याचा तर्क चुकला कीं आंतील गणित किंचित् बदलतें, आणि असें असंख्य वेळां झाल्यावर डाग व नांव यांची जोडी जुळूं लागते. हिंगोलीच्या हळदबाजारांतील जुना आडत्या प्रत ओळखतो, तोही पाहून पाहूनच शिकलेला असतो. परंतु तो हळकुंड मोडतो, हुंगतो. यंत्राजवळ वरवरच्या चित्रापलीकडे कांहीं नसतें, आणि कंदकुजीचा आरंभ तर जमिनीखालीं होतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. सन २०१६ मध्यें मोहंती, ह्यूज व सालाथे या संशोधकांनीं १४ पिकें व २६ रोग यांच्या ५४,३०६ चित्रांचा संग्रह घेऊन यंत्रास शिकविलें. त्याच संग्रहांतील न दाखविलेलीं चित्रें ओळखण्यांत तें ९९.३५ टक्के बरोबर ठरलें. या आंकड्याचा गाजावाजा फार झाला. त्याच निबंधांतील दुसरा आंकडा मात्र क्वचितच सांगितला जातो: निराळ्या परिस्थितींत काढलेलीं चित्रें पुढें ठेवतांच प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास उतरलें. शिकवणीचीं पानें खुडून, एकेक सुटें ठेवून टिपलेलीं होतीं. शेतांत पानावर पान, धूळ, ऊन व सावली असते. पुढें सन २०२२ मधील एका तपासणींत तर पान न दाखवितां त्या चित्रांच्या पार्श्वभूमीचे अवघे ८ ठिपके दाखविले, तरी यंत्रानें ४९ टक्के उत्तरें बरोबर दिलीं! म्हणजे विद्यार्थी धडा न वाचतां पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरूनच उत्तर ओळखत होता.

आणि त्या चौदा पिकांत हळद नव्हतीच. सोयाबीन होतें, पण त्याचीं केवळ निरोगी पानें. आमच्याकडे सोयाबीन पिवळें पडतें, तें कधीं पांढऱ्या माशीनें पसरविलेल्या पिवळ्या मोझॅकमुळें, तर कधीं चुनखडीच्या जमिनींत लोह न मिळाल्यानें. लोहाच्या उणिवेंत कोंवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. मोझॅकमध्यें हिरवे-पिवळे चट्टे वेडेवांकडे मिसळलेले असतात. दोहोंचा उपाय निराळा, खर्चही निराळा.

सन २००८ मध्यें विदर्भ-मराठवाड्यांत पानें खाणाऱ्या अळ्यांनीं सोयाबीनची धूळधाण केली, तेव्हां पुढील वर्षापासून राज्यानें ‘क्रॉपसॅप’ ही कीडरोग-सर्वेक्षणाची योजना सुरू केली. तींत माणसें शेतांत जाऊन मोजणी करीत. केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२४ रोजीं आरंभिलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालींत छायाचित्रावरून ओळख करण्याची सोय आहे. अशा साधनांस आमच्या शेतांतील चित्रें जितकीं मिळतील, तितकीं हवींत. मात्र तीं कशीं काढावींत, याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. भर दुपारचें ऊन टाळावें. पानाच्या दोन्ही बाजू घ्याव्यात. शेजारीं निरोगी पान धरावें. आणि रोग नक्की ठरल्यावांचून चित्रास नांव देऊं नये, कारण चुकीचें नांव यंत्र तितक्याच निष्ठेनें शिकतें.

त्या मळ्यांत त्याच दिवशीं पाणी काढून देण्यासाठीं चर खणण्यास आरंभ झाला. चिरंजीवांनीं उकरलेल्या गड्ड्याचें छायाचित्र पिवळ्या पानाच्या चित्रासोबत ठेवलें आणि दोहोंखालीं ‘कंदकूज’ असें लिहिलें.