समजून घ्या : जिम ‘सर्वांसाठी’ खुली, मग दुपारी रिकामी का?

सोलापुरात जुळे सोलापूर असो, होटगी रस्ता असो की सात रस्ता, जिमच्या फलकांवरचा मजकूर जवळपास सारखाच असतो : वजन कमी करा, बॉडी बनवा, वार्षिक फीवर सवलत. सगळे एकच वस्तू विकू लागले की स्पर्धा फक्त किमतीवर होते. फी खाली येते, यंत्रांचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. यातून बाहेर पडण्यासाठी व्यवसायात ‘नीश मार्केट’चा, म्हणजे ठरावीक गरज असलेला गट हेरण्याचा सल्ला दिला जातो. सोलापूरसारख्या शहरात तो कितपत लागू पडतो?

खास गट म्हणजे नेमके काय?

‘महिलांसाठी’ किंवा ‘तरुणांसाठी’ एवढे पुरेसे नाही. गट तेव्हाच खास ठरतो, जेव्हा त्याची अडचण वेगळी असते आणि ती नेहमीच्या जिममध्ये सुटत नाही. आणखी एक कसोटी अनेकदा सुटते, ती वेळेची. जिम सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ भरलेली असते. भाडे मात्र चोवीस तासांचे असते. त्यामुळे रिकाम्या तासांत येऊ शकणारा गट चालकासाठी सर्वात मोलाचा.

सोलापुरात असे गट कोणते?

पहिला, भरतीची तयारी करणारे. शहर पोलीस, ग्रामीण पोलीस आणि सोरेगावचे राज्य राखीव पोलीस बल यामुळे येथे हा वर्ग कायम आहे. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. पुरुषांना 1600 मीटर धावण्यासाठी 20, 100 मीटरसाठी 15 आणि गोळाफेकीसाठी 15. महिलांना 1600 ऐवजी 800 मीटर. पुरुषांचा गोळा 7.260 किलोचा, महिलांचा 4 किलोचा. राज्य राखीव दलात 5 किलोमीटर धावणे असते. अग्निवीर भरतीत 10 ‘बीम’ मारले की पूर्ण 40 गुण. धावण्याचा सराव मैदानावरच होतो. पण गोळ्यासाठी खांदा-कंबर आणि बीमसाठी पाठ-पकड जिममध्ये तयार होते. अडचण अशी, की हा गट हंगामी आहे. जाहिरात आली की गर्दी, चाचणी संपली की शुकशुकाट. शिवाय खिसा लहान.

दुसरा, चाळिशी-पन्नाशीपुढचे, विशेषतः मधुमेह असलेले. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण मोठ्या आवाजातले संगीत आणि शेजारी शंभर किलो उचलणारा तरुण पाहून ही मंडळी दारातूनच परततात. निवृत्तांना सकाळी नऊ ते अकरा ही वेळ सोयीची असते.

तिसरा, घरकाम उरकून अकरानंतर मोकळ्या होणाऱ्या महिला. देशातील सुमारे 57 टक्के महिलांची शारीरिक हालचाल पुरेशी होत नाही, असा 2022 सालचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. विडी वळणाऱ्या महिलांचे मांडी घालून तासन्तास बसणे आणि त्यातून येणारी कंबरदुखी, मानदुखी हा त्यातलाच भाग. गरज मोठी असली तरी महिन्याची फी त्यांना परवडेल का, हे आधी तपासावे लागते.

गणित कसे बसते?

उदाहरणादाखल : भाडे, हप्ता, पगार आणि वीज मिळून महिन्याचा खर्च 1 लाख 20 हजार रुपये आणि फी 1 हजार. म्हणजे खर्च निघायलाच 120 सदस्य हवेत. आता रिकाम्या वेळेत 20-20 जणांच्या दोन खास बॅच, फी 1,800 आणि त्यासाठी 18 हजार रुपयांवर वेगळा प्रशिक्षक धरू. पहिल्या 10 जणांत प्रशिक्षकाचा पगार निघतो. अकराव्यापासूनची फी भाड्याला हातभार लावते. दोन्ही बॅच भरल्या तर 72 हजार येतात आणि सर्वसाधारण सदस्य 120 ऐवजी 66 असले तरी खर्च निघतो. एका अटीवर : बॅच खरोखर भरली पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची बॅच चालवायची तर कूलर किंवा एसीचे बिलही यात धरावे लागेल.

जीएसटीचा परिणाम काय?

22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. मात्र त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे ट्रेडमिलवर भरलेला कर वळता होत नाही, तो खर्चातच जातो. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही. गट निवडून मोजकी यंत्रे घेणे त्यामुळेही फायद्याचे.

आधीचे अनुभव काय सांगतात?

अमेरिकेत 1992 मध्ये सुरू झालेल्या ‘कर्व्ह्‌ज’ने फक्त महिलांसाठी 30 मिनिटांचा व्यायाम ही एकच कल्पना धरली आणि हजारो शाखा उघडल्या. पुढे अमेरिकेतील बहुतेक बंद पडल्या. जपानमध्ये मात्र मध्यमवयीन आणि ज्येष्ठ महिलांवर लक्ष देऊन ती सुमारे दोन हजार ठिकाणी टिकली. आपल्याकडे 1932 मध्ये मुंबईत सुरुवात झालेल्या तळवलकरांचे नाव घरोघरी पोहोचले. 2010 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि 2019 मध्ये तिची कर्जफेड थकली. जुने नाव असले तरी हप्ते चुकत नाहीत.

जोखीम कुठे आहे?

मधुमेही किंवा हृदयरोगी सदस्य घेणे म्हणजे जबाबदारी घेणे. डॉक्टरांची लेखी परवानगी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर अचानक उतरल्यास हाताशी ग्लुकोज आणि पायाला जखम नाही ना याची विचारपूस, एवढे हवेच. ‘मधुमेह बरा करू’ असा फलक लावणे चुकीचे आणि घातकही.

सुरुवात कुठून करावी?

यंत्रे घेण्याआधी वहीपासून. दोन आठवडे दर तासाला किती जण येतात, ते लिहावे. मग सर्वात रिकाम्या तासात एक महिन्याची चाचणी बॅच सुरू करावी, तीही फी घेऊन. फुकट बॅचला येणारे पुढे पैसे भरतीलच असे नाही. तिसऱ्या महिन्यात किती जणांनी पुन्हा फी भरली, हा खरा निकाल. निम्म्याहून अधिक टिकले तर पुढचा खर्च करावा. नाही टिकले, तर नुकसान एका प्रशिक्षकाच्या तीन पगारांपुरते राहते, नव्या कर्जाचे नाही.