लाटांवरची दाटी

शनिवार उजाडला, की टिळकवाडीच्या रेल्वे फाटकांपलीकडून निघालेल्या मोटारी चोर्ल्याचा घाट उतरून आमच्या किनाऱ्याला लागतात. बेळगावकरांना गोव्याचा समुद्र परका कधीच नव्हता. अलीकडे मात्र केवळ पाय भिजवून तेथील तरुणांचे समाधान होत नाही. आश्वे, मोरजी, हरमल येथे भाड्याची फळी घेऊन लाटेवर उभे राहण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, त्यांना छंद जडला आहे. या साहसाचे आम्ही स्वागतच करतो; पण ज्या पाण्यात ते चालते, तेथील दाटी आम्हांला अस्वस्थ करते.

पावसाळा सरल्यावर आमच्या लाटा लहान होतात व काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात फुटतात. नवशिक्याला हवी असते ती हीच लाट, आणि पोराबाळांसह स्नान करणारी कुटुंबे उभी असतात तीही तेथेच. फळीच्या तळाशी दिशा सांभाळणारी पाती असतात. स्वार पडला, की लाट ती फळी पुढे ढकलते. घोट्याला बांधलेली दोरी फळीला फार दूर जाऊ देत नाही, इतकेच. दोरीच्या टप्प्यात आलेल्या डोक्याचे रक्षण ती करीत नाही. लाट जेथे फुटू लागते त्याच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची, इतरांनी थांबावे, असा या खेळाचा जगभरचा शिरस्ता आहे. फळी भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाला तो सांगितला जातो काय?

गर्दी टाळण्यासाठी नवखा माणूस शेजारचे शांत दिसणारे पाणी शोधतो, आणि फसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा निवांत दिसतो, कारण किनाऱ्यावर चढलेले पाणी तेथूनच समुद्राकडे परतत असते. त्या ओढीविरुद्ध पोहणारा थकतो. किनाऱ्याला समांतर पोहत तीतून बाहेर पडावे लागते. तलावात पोहायला शिकलेल्यास हे ठाऊक असण्याचे कारण नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. त्यांच्या हाती फळ्या नव्हत्या; समुद्र मात्र हाच.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर खासगी संस्थेचे जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या बावट्यांमधले पाणी स्नानासाठी, नुसता लाल बावटा म्हणजे मनाई. इतर देशांत फळ्यांची हद्द काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या बावट्याने वेगळी दाखवतात. पर्यटन खात्याने सर्फिंग चालते अशा प्रत्येक किनाऱ्यावर तशी हद्द आखावी आणि ती मोडणाऱ्याची फळी काढून घेण्याचा अधिकार जीवरक्षकांस द्यावा. बेळगावच्या महाविद्यालयांनीही सहलीची गाडी सुटण्यापूर्वी या बावट्यांचा अर्थ व त्या ओढीची खूण मुलांना सांगावी. त्याला एक तास पुरतो.