रिळांची रुजवात

वऱ्हाडात चित्रपटाची प्रत पोहोचे ती बहुधा तिच्या उतारवयात. मुंबई-पुण्याची चित्रगृहे आणि मागाहून अमरावती-अकोल्याची थिएटरे पालथी घालून झिजलेली रिळे अखेरीस जत्रेतल्या तंबूत येत, आणि मुक्कामागणिक पट्टी तुटली की ऑपरेटर फाटका तुकडा कातरून उरलेली टोके जोडून खेळ पुढे चालवी. नांदगाव खंडेश्वरात एका फिरत्या टॉकीजच्या मालकाच्या वारसांनी माळ्यावरची पेटी खाली उतरविली, तेव्हा तपासणीचे काम जवळून पाहण्याचा योग मला आला.

झाकण उघडताच शिरक्याचा उग्र दर्प आला. जाणत्याला तेवढ्यावरून उमगते की पट्टी ॲसिटेटची आहे, ठिणगीसरशी भडकणाऱ्या जुन्या नायट्रेटची नव्हे. परंतु तिचा ऱ्हासही सुरू झालेला आहे. मग दोन हातरहाटांच्या मेजावर रीळ चढवून, सुती हातमोजे घातलेल्या चिमटीतून पट्टीची कड हलकेच सरकवीत नेतात. जोड डोळ्यांआधी बोटांना लागतो. तिसऱ्या रिळात असाच एक जोड लागला: अलीकडच्या चौकटीत नायिका नदीकाठी घागर कमरेवर घेते आहे, आणि लगतच्या चौकटीत अंगणात दिवा लागलेला आहे. चित्रगृहाच्या दारी विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका सुदैवाने पेटीतच होती; तीत या जागी एक गीत छापलेले आढळले. कोण्या शौकिनाने ते कापून नेले की वेळ वाचविण्यासाठी काढले गेले, हे कळण्यास मार्ग नाही.

पट्टीच्या एका फुटात सोळा चौकटी, आणि हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांचे. या हिशेबाने मोजलेली लांबी सेन्सॉरच्या दाखल्यातील लांबीशी ताडून पाहायची, हीच खरी रुजवात. पण दाखला असतो पहिल्या रिळाच्या आरंभी, आणि यंत्रात चढविताना सर्वांत आधी झिजतो तो आरंभच. तो नाहीसा झाला असल्यास राजपत्रातल्या जुन्या याद्या धुंडाळाव्या लागतात. रिळांइतकीच आस्था मला या कागदांविषयी वाटते, कारण त्यांच्यावाचून अपूर्ण प्रतही पूर्ण म्हणून दप्तरी नोंदली जाते.

आपल्याकडे हे कार्य उशिरा सुरू झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले 1964 साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर एक्कावन्न वर्षांनी, तोवर किती चित्रपट पट्टीतल्या चांदीच्या लोभाने धुतले गेले त्याची गणती नाही. संग्रहालयाची उभारणी करणाऱ्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कृतींचा आयुष्यभर पाठपुरावा केला, तरी 1913च्या त्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच हाती लागली. 3700 फुटांपैकी 1475 फूट. (हीसुद्धा 1917च्या पुनर्निर्मितीतील असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.) ‘कालिया मर्दन’ अधिक भाग्यवान ठरला. बाबूराव पेंटरांचा 1925चा मूक ‘सावकारी पाश’ मात्र गेला तो गेलाच, आणि मराठी माणसाने या हानीबद्दल पुरेशी हळहळही व्यक्त केलेली नाही.

म्हणूनच एकाच ठिकाणी संपूर्ण प्रत गवसण्याची आशा धरून चालत नाही. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन चित्रपटाचा कापलेला बहुतेक भाग 2008 साली सापडला तो थेट ब्वेनोस आयरिसमध्ये, आणि तोही 16 मिलिमीटरच्या ओरखड्यांनी भरलेल्या नकलेवर. 1919च्या ‘बिल्वमंगल’ या भारतीय मूकपटाचे उरलेले अवशेष पॅरिसच्या संग्रहातून आले. एका प्रतीचे शीर्ष, दुसरीचे गीत आणि तिसरीचा शेवट जुळवीतच मूळ कृतीकडे जाता येते.

नांदगावच्या पेटीची फेरिस्त दोन प्रतींत तयार झाली: रीळनिहाय लांबी, प्रत्येक जोडाची जागा आणि तुटीचा तपशील. एक प्रत वारसांनी ठेवून घेतली, दुसरी पुण्यास रवाना व्हायची होती. आणि तिसऱ्या रिळातील त्या गीतासाठी दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा येथील जुन्या टॉकीजवाल्यांच्या घरी चौकशी करावी, असे त्याच बैठकीत मुक्रर झाले.